डोक्याला लावलेली दोन बोटे

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून एका आईचे पत्र आले आहे. तिचा मुलगा साडेचार वर्षांचा असून त्याला डाउन सिंड्रोम आहे. सांगितलेले त्याला समजते, पण ‘आ’ आणि ‘बा’ यांपलीकडे तोंडातून काही निघत नाही. हवे ते मिळाले नाही की तो ओरडतो, डोके आपटतो आणि अंगणवाडीत शेजारच्या मुलाला चावतो. मोबाइलवर पाहून तिने त्याला खुणा शिकवायला घेतल्या, तेव्हा सासूबाईंनी बजावले, “हातवारे शिकवशील तर पोट्टं जन्मभर मुकंच राहीन.” आता घरात रोज त्यावरून कुरबुर होते. पत्राच्या शेवटी ती विचारते, “ताई, मी थांबू का?”

थांबू नका. माझे उत्तर एवढेच आहे. पण सासूबाईंच्या मनातली भीती नुसत्या उत्तराने जाणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या पेशींत २१ व्या क्रमांकाचे एक गुणसूत्र जास्तीचे असते. अशा मुलांचे स्नायू सैल असतात, आणि त्यात जीभ, ओठ व जबडा यांचे स्नायूही येतात. एक साधा शब्द उच्चारायचा तर श्वास, घसा, जीभ आणि ओठ यांचा मेळ क्षणात जमावा लागतो. हा मेळ या मुलांना उशिरा साधतो, पण समज मात्र बोलण्याच्या पुष्कळ पुढे गेलेली असते. तुमचे लेकरू डोके आपटते ते हट्टीपणामुळे नव्हे. मनात स्पष्ट असलेली गोष्ट बाहेर काढायला त्याच्याजवळ मार्गच नाही, आणि साडेचार वर्षे असे राहावे लागले तर कोणीही ओरडेल.

हात मात्र जिभेच्या आधी वळतो. कोणतेही तान्हे मूल ‘चांदोबा’ म्हणण्याच्या कितीतरी आधी चंद्राकडे बोट दाखवते, ‘टाटा’ म्हणण्याआधी हात हलवते, आणि त्यामुळे ते मुके राहिल्याचे कोणी ऐकलेले नाही. खुणा शिकवल्याने बोलणे थांबते का, याचा अभ्यास अनेक वर्षे झालेला आहे आणि तसे होत असल्याचे आढळलेले नाही. कित्येक मुलांचे बोलणे उलट वाढलेले दिसले. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात मार्गारेट वॉकर यांनी मकाटन नावाची पद्धत तयार केली, ती याच पायावर उभी आहे. तोंडाने पूर्ण वाक्य बोलायचे आणि त्यातल्या मुख्य शब्दाला हाताची खूण जोडायची, अशी ती रीत आहे. म्हणजे खूण एकटी कधी जात नाही, शब्द तिच्या सोबत असतोच. पुढे शब्द जमू लागला की बहुतेक मुले खूण आपोआप सोडतात, कारण बोलणे त्यांना सोपे पडते. काही मुलांना मात्र बोलणे फारसे येत नाही, हेही मी तुमच्यापासून लपवणार नाही. पण त्यांच्या हातात खुणा राहतात, आणि त्या नसत्या तर काहीच राहिले नसते.

आता तुमच्या पत्रातल्या एका ओळीकडे वळते. तान्ह्या पोळ्याला घेतलेला लाकडी बैल हवा असला की तो आजीजवळ जाऊन डोक्याला दोन बोटे लावतो आणि आजी फडताळावरून बैल काढून देते, असे तुम्ही सहज लिहून गेला आहात. ती ओळ मी तीनदा वाचली. ही खूण त्याला कोणी शिकवली नव्हती; शिंगे पाहून त्याने ती स्वतः घडवली, ती कोणाला कळेल हे ओळखले आणि त्याच माणसाकडे गेला. तुमच्या घरात खुणांची भाषा तुम्ही मोबाइल पाहण्याच्या आधीपासून सुरू आहे आणि ती सर्वांत आधी सासूबाईंना कळलेली आहे.

पुढची खूणही अशीच, त्याला हव्या असलेल्या वस्तूची निवडा. पाहुण्यांना ‘नमस्कार’ करायला शिकवण्याची घाई नको. पाणी, पोळी, अजून, झालं, उचलून घे, एवढ्या चार-पाच खुणा पुरेत. तो माठाजवळ जाऊन ओरडायला लागला की लगेच पेला भरू नका. त्याच्यासमोर, डोळ्याला डोळा भिडेल इतके खाली बसा, अंगठा ओठांकडे नेऊन “पाणी? पाणी पाहिजे?” असे सावकाश म्हणा आणि मनात दहापर्यंत मोजा. ही दहा मोजणी फार लांब वाटते, आपण चौथ्या-पाचव्यालाच बोलून टाकतो आणि त्याची पाळी हिरावून घेतो. त्याने अंगठ्याऐवजी अख्खी मूठ तोंडावर आपटली तरी ती ‘पाणी’च समजा, शब्द उच्चारा आणि पेला द्या. त्याने काहीच केले नाही तरी पुन्हा एकदा खूण दाखवून पाणी द्याच. तहानलेल्या मुलाला खुणेसाठी अडवून धरणे मला मुळीच मान्य नाही. अशी खूण परत यायला कधी आठवडे, कधी महिने लागतात.

एका वस्तूला घरात सर्वांनी एकच खूण वापरावी. शंभर पानी वहीत प्रत्येक खुणेचे साधे चित्र काढा, खाली शब्द लिहा आणि ती वही अंगणवाडी सेविकेलाही दाखवा. नव्या खुणा शोधायच्या असतील तर नवी दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या शब्दकोशात १०,००० शब्दांच्या खुणा चित्रफितींसह आहेत. ती कर्णबधिर व्यक्तींची परिपूर्ण भाषा आहे. तुम्हाला तिच्यातले मोजकेच शब्द घ्यायचे आहेत.

मात्र सर्वांत आधी त्याचे कान तपासून घ्या, ही गोष्ट पुढच्या महिन्यावर टाकू नका. या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचून ऐकू कमी येणे फार आढळते, आणि हाकेला वळून पाहणाऱ्या मुलालाही शब्दांतले बारीक फरक ऐकू येत नसतात. थायरॉइडची रक्ततपासणीही त्याच खेपेत करून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते; त्यांच्याकडून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रासाठी, म्हणजे अशा मुलांची तपासणी आणि उपचार लहान वयातच सुरू करणाऱ्या केंद्रासाठी, चिठ्ठी घ्या. कापूस वेचणीच्या दिवसांत दर आठवड्याला मजुरी बुडवून जिल्ह्याला जाणे कसे जमणार, हे मला कळते. म्हणून वाचा-उपचारतज्ज्ञांना पहिल्याच भेटीत, “घरी महिनाभर काय करू, ते करून दाखवा,” असे स्पष्ट सांगा आणि ते वहीत उतरवून घ्या. वेखंड चाटवल्याने किंवा जिभेखालचा पडदा कापल्याने त्याला बोलता येईल, असे सांगणारे गावात भेटतील. त्या वाटेला जाऊ नका.

‘बोलत नाही तोवर आणू नका’ असे अंगणवाडीत तुम्हाला ऐकवले गेले, याचा मला संताप आला. दिव्यांग मुलांना सामावून घेण्याची कार्यपद्धती अंगणवाड्यांसाठी २०२३ मध्ये ठरवून दिलेली आहे, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या १७ व्या कलमात सांकेतिक भाषेसारख्या पर्यायी संवादाला शिक्षणात उत्तेजन द्यावे असे नमूद आहे. पर्यवेक्षिकांना हे लेखी कळवा. चावण्याची तक्रार आली तर ‘दे’ आणि ‘नको’ या दोन खुणा सेविकेला शिकवून ठेवा.

सासूबाईंशी वाद घालू नका. गावात ‘मुका’ हे नाव एकदा चिकटले की माणसासोबत जन्मभर राहते, ते त्यांनी पाहिलेले आहे, आणि त्यांचा विरोध नातवावरच्या मायेतूनच आलेला आहे. संध्याकाळी तो फडताळाखाली उभा राहून डोक्याला बोटे लावील, तेव्हा त्यांना एवढेच म्हणा, “आई, बैल देताना ‘बैल’ असं मोठ्यानं म्हणा, आणि तुम्हीही दोन बोटं लावून दाखवा.” पुढची खूण कोणती घ्यायची, हेही त्यांनाच ठरवू द्या. कानाच्या तपासणीचा अहवाल आला की मला कळवा.