खेळण्यातली गाडी बंद पडलीय? आधी सेलचा खाचा बघ

भावा, लगेच आयसी, म्हणजे आतली चिप, उडाली म्हणू नकोस, आधी सेलचा खाचा बघ, आपल्या कोल्हापूरच्या पावसाळ्यात गाडी सेलसकट पडून राहिली की स्प्रिंगवर पांढरी-हिरवी पूड धरतीयच. कापसावर थोडं व्हिनेगर घेऊन पूस आणि चांगलं वाळू दे. मग नवीन सेल घालून मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं मीटर, डीसी २० व्होल्टवर ठेव, दोन सेलचे ३ व्होल्ट यायला पाहिजेत, पण मोजायचं स्विच चालू करूनच, कारण उतरलेला सेलपण गाडी बंद असताना दीड व्होल्टच्या आसपास दाखवतोय आणि लोड आला, म्हणजे गाडी करंट ओढायला लागली, की बसतोय. आतल्या सर्किट बोर्डपर्यंत व्होल्टेज येत नसेल तर स्विच नायतर वायर गेलेली असणार, वायर बरोबर सोल्डरजवळच, म्हणजे डाग दिलेल्या जागी, तुटलेली असतीय बघ, हलकं ओढून बघायचं. मोटर सुटी करून थेट सेलला लाव, फिरली तर मोटर बरी. बोर्डवरच्या काळ्या थेंबाखाली चिप असतीय, ती गेली असंल तर सोडून दे की.