केल्पच्या जंगलात: वाचकांचे प्रश्न, डायव्हरची उत्तरं

गेल्या अंकात मी मॉन्टेरीच्या समुद्राबद्दल लिहिलं आणि पत्रांची थप्पीच आली. ज्यांनी तो अंक पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कॅलिफोर्नियाचा हा किनारा सॅन होजेच्या माझ्या घरापासून गाडीने सव्वा तासावर आहे. पाणी बारा महिने थंड, दहा ते चौदा अंश. २०११ पासून मी महिन्यातून दोनदा तरी तिथे पाण्याखाली जाते. पोहायला शिकले ते गुहागरजवळच्या आजोळी, पाठीला डबा बांधून, विहिरीत. आलेल्या पत्रांतले सहा प्रश्न निवडले आहेत.

आम्ही नवरा-बायकोने तारकर्लीला स्कूबा केलं आहे. मे महिन्यात मुलाकडे सॅन होजेला येतोय. मॉन्टेरीला डायव्हिंग करता येईल का? माझं वय ५८, रक्तदाबाची गोळी चालू आहे. (पुणे)

तारकर्लीला तुम्ही जे केलंत ते धाडसाचंच आहे. पण तिथे प्रशिक्षकाने तुम्हाला मागून धरून फिरवलं. हवा किती उरली, किती खोल आलो, वर कधी जायचं, हे सगळं त्याने सांभाळलं. मॉन्टेरीत हे तुमचं तुम्हाला सांभाळावं लागतं, तेही सात मिलिमीटर जाडीचा वेटसूट, डोक्याला हूड, हातात मोजे आणि कमरेला शिसं बांधून. त्या सूटचं रबर तुम्हाला वर तरंगवतं, म्हणून शिसं. मी अकरा किलो बांधते. मालवणच्या कोमट पाण्यात याची कल्पना येत नाही. हवेपेक्षा पाणी अंगातली उष्णता पंचवीस पट वेगाने ओढून घेतं.

तेव्हा आधी रीतसर ओपन वॉटर कोर्स, म्हणजे डायव्हरचा पहिला प्राथमिक कोर्स करा. पुण्यात त्याचा पोहण्याच्या तलावातला भाग करून देणारे आहेत. आणि डॉक्टरांना भेटा. डायव्हिंगच्या वैद्यकीय प्रश्नावलीत रक्तदाबाचा प्रश्न असतो. तिथे ‘हो’ लिहिलं की डॉक्टरांची सही लागते. गोळी चालू असूनही ‘नाही’ लिहिणारे मी पाहिलेत. कृपा करून तसं करू नका. गार पाण्यात शिरताना रक्तवाहिन्या आकसतात आणि दाब चढतो, आणि तेव्हा तुम्ही किनाऱ्यापासून शंभर मीटर लांब असता.

कानांबद्दल कळकळीने सांगते. माझी पहिली डुबकी एका परदेशातल्या सुट्टीत झाली. होडीवरच्या माणसाने कानाविषयी अवाक्षर काढलं नव्हतं. चार मीटरवर कान ठणकायला लागला. मी कानाकडे बोट दाखवत राहिले, तो हसून खाली नेत राहिला. पडदा फाटला, सहा आठवडे घरी बसले. कुठेही, कुणाबरोबरही जा, नाक चिमटीत धरून हळूच हवा कानात सोडायची ती पहिल्या हातभर खोलीपासून. दुखायला लागल्यावर नाही. दुखलंच तर थोडं वर यायचं. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, म्हणजे कानांची खरी कसोटी अगदी वरच्याच काही मीटरांत लागते.

आणखी एक. मेमध्ये पाणी बरेचदा इतकं गढूळ असतं की पुढे धरलेला हात जेमतेम दिसतो. सप्टेंबर ते नोव्हेंबर हा इथला चांगला काळ. मुलाला सांगा, दसरा-दिवाळीला बोलाव. परतीच्या विमानाआधी निदान अठरा तास पाण्याबाहेर राहायचं हेही तेव्हाच ठरवून टाका.

गारठ्यात, हिरव्या गढूळ पाण्यात जाऊन काय मिळतं? अंदमानला, मालदीवला निळंशार पाणी असताना? (ठाणे)

या प्रश्नावर मी तासभर बोलू शकते. निळंशार पाणी निळं का असतं? कारण त्यात फारसं काही नसतं. आणि मॉन्टेरीचं पाणी हिरवं आहे कारण ते अन्नाने भरलेलं आहे.

वरणाचं पातेलं डोळ्यासमोर आणा. घट्ट डाळ तळाशी बसते, वर नुसतं पाणी. डावाने तळापासून ढवळलं की घट्ट वर येतं. वसंतात वायव्येचा वारा या किनाऱ्याला समांतर वाहतो आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी किनाऱ्यापासून आत समुद्राकडे ढकललं जातं. त्याच्या जागी खोलातलं गार, क्षारांनी भरलेलं पाणी वर येतं. त्यात मॉन्टेरीची खोल दरी मॉस लँडिंगच्या धक्क्याजवळच सुरू होते. या पाण्यावर सूक्ष्म वनस्पती माजतात, त्यांच्यावर प्राणी, त्यांच्यावर मासे, आणि सगळ्यांच्या वर देवमासे. मेचं गढूळपण म्हणजे ढवळलेलं वरण आहे. ते नको असेल तर बाकीचंही नाही मिळणार.

केल्प त्याच पाण्यावर वाढतं. ही शेवाळाच्या कुळातली प्रचंड वनस्पती आहे. तळाच्या खडकाला मुळांसारख्या पंजाने घट्ट धरलेली, वर लांबट बोरांसारखे हवेचे फुगे, त्यांच्या जोरावर ती सरळ उभी राहते. सगळं जमून आलं तर दिवसाला दोन फुटांपर्यंत वाढते. पंधरा मीटर खालून वर बघितलं की पानांच्या छतातून ऊन तिरपं उतरत असतं, सोनेरी. सुपारीच्या वाडीत उभं राहून वर पाहावं तसं. फक्त इथे सगळी वाडी एकदम डुलते, लाटेबरोबर पुढे, लाटेबरोबर मागे, आणि तुम्हीही तिच्याबरोबर.

टॉर्च मात्र हवाच. पाणी आधी लाल रंग खातं, पाच-सहा मीटरवर तो गेलेलाच असतो. ब्रेकवॉटरच्या भिंतीपाशी मी नव्या लोकांना हटकून एका खडकासमोर थांबवते. राखाडी, बुरसटलेला दिसतो. मग टॉर्च लावते. अख्खा खडक कुंकू सांडल्यासारखा पेटतो! करंगळीच्या नखाएवढ्या हजारो स्ट्रॉबेरी ॲनिमोन, फुलांसारखे दिसणारे समुद्री प्राणी, प्रत्येकीच्या स्पर्शिकांच्या टोकाला पांढरा ठिपका. तिथेच शोधलं तर हॉपकिन्स रोझ सापडते. बोटाच्या पेराएवढी, गडद गुलाबी, अंगभर केसाळ टोकं, बिनशंखाची गोगलगाय. ती ज्या गुलाबी प्राण्याच्या वसाहतीवर जगते, तिचाच रंग अंगावर बाळगते. ती पाहायला एका जागी दहा मिनिटं थांबावं लागतं. माझ्या बहुतेक डुबक्या शंभर पावलांच्या परिघातच होतात, आणि मला त्याहून लांब जावंसं वाटलेलं नाही.

केल्पमध्ये अडकायची भीती वाटते. त्यामुळे कोर्स करूनही दोन वर्षं पाण्यात उतरले नाही. (फ्रीमाँट)

तुमची भीती रास्त आहे, मीही अडकले आहे. लव्हर्स पॉइंटला वर येताना पाठीमागच्या सिलिंडरच्या झडपेत दोन दांडे गुंतले. मी मागे वळले, आणि वळल्याने तिसरा गुंतला. श्वास जोरजोरात चालू झाला. जोडीदाराने समोर येऊन माझा दंड धरला, तळहात दाखवला: थांब. मी थांबले. त्याने मागे जाऊन ते दांडे एकेक करून कट्‌कट्‌ मोडले. अर्ध्या मिनिटाचं काम.

मंडईत भेंडी घेताना तुम्ही टोक मोडून बघता ना? केल्पचं तसंच आहे. ओढलं तर दोराला हार जाणार नाही. दुमडलं की कट्‌ करून तुटतं. तेव्हा पाय झाडायचे नाहीत, गोल वळायचं नाही, ओढायचं नाही. थांबायचं, दुमडायचं, मोडायचं. घरी जाण्याआधी किनाऱ्यावर वाहून आलेला एक दांडा उचला आणि मोडून पाहा. हाताला एकदा ते कळलं की मनाला समजवावं लागत नाही. लोंबणारं सगळं सामान अंगाशी चापून लावा, आणि हवा पुरेशी शिल्लक असतानाच वर या, म्हणजे छताखालून पोहत मोकळी जागा शोधता येते.

कॅलिफोर्नियात तारामासे मेले असं वाचलं. नेमकं काय झालं? मुलांना सांगायचं आहे. (कोल्हापूर, विज्ञान शिक्षक)

गुरुजी, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

सूर्यफूल-तारामासा म्हणजे पिक्नोपोडिया. त्याला पाच नाही, चोवीसपर्यंत हात असतात, आणि पूर्ण वाढलेला पसरट परातीहून मोठा, मीटरभर होतो. २०११ मध्ये तो मला जवळपास प्रत्येक वेळी भेटायचा. तारामाशाच्या मानाने तो भलताच वेगात पळतो. तो येतोय हे कळताच समोरचे शंख-शिंपले अक्षरशः उड्या मारून पळतात.

२०१३ मध्ये रोग आला. त्या हिवाळ्यात मी एका खडकावर एक पाहिला. त्याची टोकं वळली होती, अंगावर पांढरे चट्टे होते, आणि एक हात शरीरापासून सुटून एकटाच पुढे सरकत होता. मी त्याच्याकडे बघत बराच वेळ तरंगत राहिले. पंधरा दिवसांनी तिथे पिठासारखा पांढरा डाग होता. त्यानंतर आजपर्यंत मला मॉन्टेरीत एकही दिसलेला नाही. साऱ्या किनाऱ्यावर मिळून या जातीचे नव्वद टक्क्यांहून अधिक तारामासे गेले.

पुढची साखळी मुलांना जरूर सांगा. २०१४ ते २०१६ समुद्र नेहमीपेक्षा बराच तापला. गार पाणी आणि त्यातले क्षार कमी पडले, केल्प खंगलं. जांभळ्या सी अर्चिनना, म्हणजे त्या काटेरी गोळ्यांना, खाणारा तारामासा राहिला नव्हता. ते बिळांतून बाहेर आले आणि उरलेलं केल्प मुळापाशी कुरतडू लागले. उत्तर कॅलिफोर्नियात काही वर्षांत नव्वद टक्क्यांहून जास्त केल्प गेलं. मॉन्टेरीत ठिकठिकाणी तुकडे उरले. त्यामागे समुद्री पाणमांजराचा वाटा आहे, ते अर्चिन फोडून खातं. कातड्यासाठी त्याची इतकी कत्तल झाली होती की ते संपलं असंच सगळे धरून चालले होते. १९३८ मध्ये बिक्स्बी खाडीपाशी पन्नासेक सापडली, आता कॅलिफोर्नियात तीनेक हजार आहेत. पण पाणमांजर शहाणं आहे. ओसाड खडकावरचे उपाशी अर्चिन आतून पोकळ असतात, ते त्यांना हात लावत नाही. केल्पमधले भरलेले तेवढे उचलतं. म्हणून ते हिरवे तुकडे वाचवतं, ओसाड जागा परत हिरवी करू शकत नाही. आणि तो पोकळ अर्चिन काही न खाता वर्षानुवर्षं तग धरतो.

२०२१ मध्ये टँकर्स रीफ या जागी आम्हा हौशी डायव्हरना हातोडीने अर्चिन फोडायची सरकारी परवानगी मिळाली. मी गेले. जीव मारायचं काम आहे, आणि पहिल्या दिवशी माझा हात उठेना. तासाला काहीशे फुटतात, आजूबाजूचे मासे गोळा होऊन खातात. पुढच्या वर्षी साफ केलेल्या जागेत बोटभर केल्प उगवलेलं पाहिलं तेव्हा मास्कमध्ये पाणी आलं. ते समुद्राचं नव्हतं.

२०२५ मध्ये शास्त्रज्ञांनी रोगाचं कारण शोधून काढलं: व्हिब्रिओ पेक्टेनिसिडा, पटकीच्या जंतूच्याच कुळातला जिवाणू. वॉशिंग्टन राज्यात फ्रायडे हार्बरच्या प्रयोगशाळेत या तारामाशाची पिल्लं वाढवली आहेत. मुलांना पिल्लांचंही सांगा, नुसतं मरण सांगू नका.

आमचं घर मासेमारीवर. आमच्याकडचं म्हाकूल (स्क्विड) तुमच्याकडे असतं का? (देवगड)

हो, जात वेगळी, पण पाहताक्षणी ओळखाल. वसंत-उन्हाळ्यात रात्री ती किनाऱ्याजवळ वाळूवर अंडी घालायला येतात. एकेका पांढऱ्या, बोटासारख्या पिशवीत दोन-तीनशे अंडी. माद्या त्या पिशव्या वाळूत रोवतात, एकीशेजारी एक, शेकडो, आणि काही दिवसांत नर-मादी दोघंही मरतात. सकाळी गेलं तर ती पांढरी शेतं लाटेबरोबर हलत असतात आणि मधे मेलेली म्हाकुलं पडलेली, त्यांवर खेकडे. तीन ते पाच आठवड्यांत पिल्लं सुटतात. बाहेर होड्या दिवे लावून याच म्हाकुलांची मासेमारी करतात. इथे शुक्रवार-शनिवारच्या रात्री जाळी टाकायला बंदी आहे, निदान तेवढ्या रात्री अंडी सुखाने घातली जावीत म्हणून. तुमच्या बाबांना हे सांगा. त्यांना काय वाटतं ते मला कळवा, मला खरंच ऐकायचं आहे.

पाण्याखाली आवाज येतो का? (सातारा, इयत्ता सातवी)

येतो, बाळा. सगळ्यात मोठा आपलाच: श्वास घेताना सूं, सोडताना बुडबुड. ब्रेकवॉटरच्या दगडांवर सी लायन बसलेले असतात, त्यांचं भुंकणं खालीही ऐकू येतं. पण पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने येतो, दोन्ही कानांवर जवळजवळ एकदमच. म्हणून तो डावीकडून आला की उजवीकडून ते कळत नाही. मी चारी दिशांना बघते, कुणीच नसतं. मग माझ्या पायातला फिन, म्हणजे पोहायचा रबरी पंखा, कुणीतरी हळूच ओढतं, आणि मागे एक सील असतो, काळ्याभोर डोळ्यांचा, मी वळायची वाट बघत.