आईचा मुक्काम नंतर ठरवा, आधी पॉलिसी परत करा

प्रश्न: आई 78 वर्षांची, दक्षिण कसब्यातल्या वाड्यात एकटी राहते. आम्ही जुळे सोलापुरात. तिला आत्ताच आणावं, की वाड्याला चांगला भाव येईपर्यंत दोन-तीन वर्षं तिथेच राहू द्यावं? वाडा अजून वडिलांच्या नावावर आहे. आईला फॅमिली पेन्शन 14 हजार, बँकेत 22 लाख.
ता. क. मागच्या आठवड्यात बँकेतल्या साहेबांनी आईच्या पैशातून माझ्या नावावर दुप्पट हमीची योजना करून दिली. वर्षाला 4 लाख, सात वर्षं भरायचे, पंधराव्या वर्षी 56 लाख.

उत्तर: प्रश्न वर आहे, घोटाळा ता. क. मध्ये.

ही ठेव नव्हे, विमा पॉलिसी आहे. सात चोक अठ्ठावीस; आईकडे 22. पाच हप्ते जातील, सहावा कुठून भरणार? 56 लाख येतील तेव्हा आई 93 वर्षांची असेल. हप्ते वर्षावर्षाने जातात, म्हणून सरासरी बारा वर्षांत दुप्पट धरा. म्हणजे सहा टक्के! विमा तुमचा, पैसे आईचे, टार्गेट साहेबांचं.

पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. मुद्रांक शुल्क वगैरे किरकोळ कापून हप्ता परत मिळतो. अर्ज विमा कंपनीच्या शाखेत द्या, साहेबांच्या टेबलावर नको. तिथे ‘बघतो, बघतो’ करत मुदत उलटते. शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. तोच अर्ज ईमेलनेही पाठवा.

मग 3 लाख दवाखान्यासाठी एफडीत ठेवा. 19 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. सध्याच्या 8.2 टक्क्यांनी तिमाहीला 39 हजार, म्हणजे महिना 13. पेन्शन धरून 27 हजार. रक्कम दोन-तीन खात्यांत विभागा, म्हणजे अडीनडीला सगळी मोडावी लागणार नाही. सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान कार्ड काढलं नसेल तर काढा, 5 लाखांपर्यंतचे उपचार त्यात बसतात.

आता वाडा. भाव किती आला म्हणजे चांगला, आणि तो देणार कोण? उद्या गिऱ्हाईक दारात उभं राहिलं तरी आधी वारसनोंद लागेल. त्या वारसांत आईही आहे. तिला काय हवंय, हे पत्रात कुठेच नाही.

भावाऐवजी हे बघा: नळाला अवेळी पाणी आलं तर हौद भरायला कोण उठतं? गोळ्यांच्या पाकिटात जास्तीच्या गोळ्या उरतात का? गॅस चालू राहिला होता का? दिवसभराच्या बाईला 12-15 हजार धरले, तरी 27 हजारांत आई वाड्यात राहू शकते. रात्रीचंही माणूस लागायला लागलं की हे गणित बसत नाही. तेव्हा आणा, वाड्याचा भाव काहीही असो.

तोवर यंदाचा उन्हाळा तिला तुमच्याकडे काढू दे. वाड्याला कुलूप लावा, विक्रीची बोलणी बंद ठेवा. पावसाळ्यात ‘मला घरी सोड’ म्हणाली, तर सोडून या.