पातेल्यातला भात आणि वर काय पडणार

प्रिय ओवी,

तुझी फ्लॅटमधली मैत्रीण भरपूर पाण्यात तांदूळ उकळते आणि उरलेलं पाणी सिंकमध्ये ओतून देते. आपल्याकडे पाणी मोजून घालतात आणि ते भातातच मुरवतात. तू विचारलंयस की यातली मराठी पद्धत कोणती, आणि कुकर नसताना वरणाबरोबर खायचा मऊ भात शेगडीवर कसा करायचा.

पद्धती दोन्ही आपल्याच. पेज काढून भात वेळायची, म्हणजे जास्तीचं पाणी ओतून काढायची, रीत कोकणात जुनी आहे, देशावर बहुतेक घरांत पाणी आटवून करतात. कोणती धरायची हे भातावर काय वाढणार त्यावर ठरतं, आणि तांदूळही त्यावरच ठरतो. म्हणून पातेलं काढायच्या आधी वरण आहे, माशाची आमटी आहे की ताक, ते ठरव.

साधं वरण असेल तर भात मऊ हवा, कारण तो हाताने कालवून खायचा असतो. मोकळ्या शितांवर वरण घातलं की ते खाली ताटात पळतं आणि घास धरत नाही. मऊ, किंचित चिकट शीत वरण आणि तूप दोन्ही धरून ठेवतं. हा फरक मुळात तांदळातल्या स्टार्चचा. अमायलोज (स्टार्चचा एक प्रकार) जास्त असलेला तांदूळ मोकळा राहतो, कमी असलेला चिकटतो. म्हणूनच बासमतीची मूद पडत नाही. वाटी उचलली की ढीग होतो. पुलावाला तो उत्तम, वरणभाताला चुकीचा.

वरणाला आंबेमोहोर सगळ्यात चांगला: बारीक, आखूड दाणा आणि आंब्याच्या मोहोरासारखा वास. तो मिळाला नाही तर इंद्रायणी घे. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहोर आणि आयआर-८ (भरघोस पीक देणारी भाताची जात) यांच्या संकरातून ती तयार केली, त्यामुळे थोडा वास तिलाही आहे, पण चिकटपणा जास्त. रोजच्या जेवणाला कोलम किंवा सोना मसुरी. भारतीय दुकानात या दोन्ही सहसा मिळतातच. दुकान लांब असेल तर सुपरमार्केटमधला थाई जस्मिन आण, बासमतीपेक्षा तो आपल्या मऊ भाताच्या जवळ आहे. ‘इझी कुक’ लिहिलेला मात्र घेऊ नकोस. तो उकडा असतो, कितीही शिजवला तरी शीत सुटं आणि टणकच राहतं.

आता माप. पोळीबरोबर थोडा भात असेल तर माणशी ६० ते ७० ग्रॅम तांदूळ, नुसता भातच असेल तर १०० ग्रॅम. घरातली कोणतीही वाटी घे, पण तांदूळ आणि पाणी एकाच वाटीने मोज. कोलमच्या एका वाटीला सव्वादोन वाट्या पाणी, दोन वाट्यांना चार, तीन वाट्यांना पावणेसहा. नुसती पटीने वाढ का नाही? कारण पाण्याचे दोन वाटे असतात. एक तांदूळ पितो, तो तांदळाच्या मापाने वाढतो. दुसरा वाफ होऊन जातो, तो पातेलं, झाकण आणि आच यांवर अवलंबून असतो, आणि तांदूळ दुप्पट केला म्हणून वाफ काही दुप्पट होत नाही. चारजणांचा भात गिच्च होतो तो बहुतेक वेळा या हिशेबामुळे. आंबेमोहोराला वाटीमागे पाव वाटी पाणी जास्त घाल. इंद्रायणी आणि जस्मिनला पाव ते अर्धी वाटी कमी. नवा तांदूळ पाणी कमी पितो आणि चिकट होतो, जुना जास्त पितो आणि फुलतो. पिशवी नवीन असेल तेव्हा पहिला भात थोडा कमी पाण्यात करून बघ आणि जमलेलं माप पिशवीवरच लिहून ठेव.

तांदूळ दोन-तीनदा धू. पाणी अगदी काचेसारखं व्हायची गरज नाही, दुधाळपणा गेला की पुरे. दाण्यावरचा सुटा स्टार्च गेला नाही तर त्याचाच फेस होतो आणि भात उतू जातो. चोळू नकोस, दाणा मोडून कण्या होतात आणि त्या आधी शिजून चिकटतात. (अमेरिकेतल्या काही पिशव्यांवर ‘एन्रिच्ड’ लिहिलेलं असतं. त्या तांदळाला जीवनसत्त्वं वरून लावलेली असतात आणि धुतल्यावर ती जातात.) मग निथळून अर्धा तास ठेव किंवा वीस मिनिटं भिजव. दाण्याच्या आतपर्यंत ओल पोचली की बाहेरून मऊ आणि आत कणी असं होत नाही. भिजवलेल्या तांदळाचं पाणी ओतून दे आणि शिजवायचं पाणी दोन-तीन मोठे चमचे कमी घे.

पातेलं जाड बुडाचं आणि एवढं मोठं घे की तांदूळ आणि पाणी मिळून ते अर्ध्याच्या वर भरणार नाही. पाणी आधी उकळू दे. आधणात तांदूळ वैर, एकदाच तळापासून हलव आणि चमचा बाजूला ठेव. तूप किंवा तेल अर्धा चमचा घातलंस तर फेस कमी येतो. मीठ घालायचं की नाही हा ज्या त्या घरचा रिवाज. वरणात असतंच, शिवाय ताटात डावीकडे वाढलेलं असतं, त्यामुळे मी घालत नाही. मोठ्या आचेवर झाकण अर्धवट ठेव. पाणी तांदळाच्या पातळीपर्यंत उतरलं आणि वर भोकं पडायला लागली की झाकण घट्ट लाव आणि आच अगदी मंद कर. दहा-बारा मिनिटं. मग आच बंद, आणि झाकण न काढता आणखी दहा मिनिटं. ही शेवटची दहा मिनिटं लोक गाळतात आणि मग तक्रार करतात. वरचा भात कोरडा आणि खालचा ओला असतो, तो वाफेत एकसारखा होतो.

तुझ्याकडे साधी विजेची शेगडी आहे, तिथे एक अडचण येते. बटण कमी केलं तरी तिचा तवा, म्हणजे पातेल्याखालची चकती, बराच वेळ तापलेलाच राहतो, आणि भात नेमका त्याच वेळात बुडाला लागतो. शेजारचा तवा आधीच सगळ्यात मंद करून ठेव आणि भोकं दिसली की पातेलं तिकडे सरकव. इंडक्शनवर हा प्रश्न येत नाही.

शितावरून भाताची परीक्षा ही म्हण इथे अक्षरशः खरी आहे. एक शीत दोन बोटांत दाब. पूर्ण चेपलं तर झाला. मध्ये पांढरा टणक ठिपका लागला तर कणी राहिली. तेव्हा दोन-तीन चमचे उकळतं पाणी शिंपडून झाकण लाव आणि मंद आचेवर पाच मिनिटं दे. गार पाणी घातलंस तर पातेल्यातली वाफ बसते आणि पुन्हा सगळं तापेपर्यंत खालचा भात लगदा होतो. वर कच्चा आणि खाली लगदा असेल तर आच मोठी होती किंवा झाकणातून वाफ जात होती. झाकणाखाली स्वच्छ पंचा बांध, पण टोकं वर घे, आचेजवळ लोंबू देऊ नकोस. भात फारच ओला झाला तर ताटात पसर आणि पाच मिनिटं उघडा ठेव, हलवत बसू नकोस. करपल्याचा वास आला तर खरवडायच्या भानगडीत न पडता वरचा भात लगेच दुसऱ्या भांड्यात काढ. करपट वास खालून वर चढतो आणि एकदा लागला की जात नाही.

मुदीसाठी भात गरम हवा. छोट्या वाटीला तुपाचं बोट फिरव, भात भर, हलकेच दाब आणि ताटात उपडी कर. दडपून भरलास तर वरण आत शिरत नाही. वर वरण, त्यावर तूप, बाजूला लिंबाची फोड. ताकभात करायचा असेल तर गरम असतानाच भात डावाने चेचून ठेव. गार झालेलं शीत नीट मोडत नाही.

आता मैत्रिणीची पद्धत. एका वाटीला सहा-सात वाट्या पाणी उकळायचं, भिजवलेला तांदूळ घालून उघडाच शिजवायचा आणि आठव्या मिनिटापासून शीत बघायचं. अगदी किंचित कणी उरली की वेळायचा. कोकणात पातेल्याच्या तोंडावर वेळणी (भात वेळायचं झाकण) धरून पातेलं कलतं करतात. तू स्टीलची चाळणी वापर, पण ओतताना तोंड आणि मनगट वाफेपासून लांब ठेव. मैत्रीण बहुधा इथेच थांबते, म्हणून तिचा भात पाणचट लागतो. वेळल्यावर तो परत पातेल्यात घालून झाकण लावून पाच मिनिटं मंद आचेवर ठेवायचा असतो. असा भात मोकळा होतो आणि माशाच्या दाट आमटीबरोबर छान लागतो. वेळलेलं पाणी टाकू नका. ती पेज आहे, भातातली काही जीवनसत्त्वं तिच्यातच उतरलेली असतात. मीठ आणि तूप घालून गरमच प्या. कोकणातला जाडा उकडा तांदूळ कधी मिळाला तर तो याच पद्धतीने कर, मात्र त्याला अर्धा तास किंवा जास्तही लागतो.

उरलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवू नकोस. शिजवूनही न मरणारे काही जिवाणू कोमट भातात वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. तासाभरात पसरून गार कर, डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेव आणि दुसऱ्या दिवशी संपव. फ्रिजमध्ये स्टार्च घट्ट होऊन शितं सुटी होतात, त्यामुळे फोडणीच्या भाताला हाच भात लागतो, ताज्याचा गोळा होतो. मोहरी, हिंग, हळद, हिरवी मिरची, कढीपत्ता, दाणे. कांदा चिरून आधी परत, भात हाताने मोकळा करून घाल आणि पाण्याचा हबका मारून दोन मिनिटं झाकण ठेव.

बाबा