वाड्यातलं वाय-फाय माडीवर पोचत नाही: राउटर बदलण्याआधी तार ओढा

प्रश्न थोडक्यात असा: अंबाजोगाईत पुढे माळवदाचा (सपाट मातीच्या छताचा) जुना वाडा, मागे दुमजली आरसीसी बांधकाम. फायबरची पेटी ढाळजेत (पुढच्या दारालगतच्या ओसरीत), प्लॅन १०० एमबीपीएसचा. मागच्या माडीवर मुलीच्या क्लासचा व्हिडिओ अडकतो, रिपीटर (वाय-फाय पकडून पुढे फेकणारा डबा) लावला तर आणखी मंद झालं, लाइट गेली की सगळंच बंद. आता सहा अँटेनांचा राउटर घ्यावा का?

घेऊ नका. त्या पैशात केबल, एक साधा राउटर आणि बहुतेक छोटा यूपीएसही येईल.

आधी नेट कुठे अडतंय ते बघा. लॅपटॉप पेटीच्या लॅन पोर्टला केबलने जोडा आणि वेग मोजा. ९० ते ९५ आला तर बाहेरून येणारं नेट ठणठणीत आहे, खोट घराच्या आत आहे. केबलवरही ३०-४० च येत असेल तर आधी तक्रार नोंदवा, खालचं सगळं नंतर.

मग फोनमध्ये वाय-फाय ॲनालायझर प्रकारचं एखादं मोफत ॲप घ्या. सिग्नलच्या दांड्यांवर जाऊ नका, प्रत्येक फोन त्या आपल्या मनाने दाखवतो. सिग्नलच्या ताकदीचा आकडा बघा, तो उणे डीबीएममध्ये असतो. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६५ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ७५ च्या पुढे अडखळतो, उणे ८५ ला नाव दिसतं पण काम होत नाही. ढाळज, चौक, मागचा जिना, माडी, अशा प्रत्येक जागी उभं राहून आकडा कागदावर लिहा. दर १० डीबीला शक्ती एक दशांश उरते, म्हणजे उणे ६० आणि उणे ८० यांत शंभरपटीचा फरक आहे.

तुमच्याकडे हा आकडा कुठे कोसळणार ते न बघताही सांगता येतं. वाड्याची भिंत दगड-मातीची, दोन-अडीच फूट जाड. लहर ती सरळ ओलांडत नाही, ढाळजेतून माडीकडे तिरकी जाते, त्यामुळे भिंतीतला तिचा प्रवास आणखी लांबतो. त्यापुढे स्लॅबमधली सळईची जाळी. ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान असली तरी भिंतीपुढे लवकर हार मानते, २.४ ची जरा चिवट. वाटेत लोखंडी कपाट, मोठा आरसा किंवा पाण्याच्या टाक्यांची रांग असेल तर तेवढा भाग सावलीत गेला असं समजा. आपल्याकडे आठ-आठ दिवसांचं पाणी साठवायची सवय, टाक्या नेमक्या जिन्याखाली, आणि पाणी या लहरी चांगल्याच शोषतं.

सहा अँटेनांनी हे का सुटत नाही? राउटरने कितीही मोठ्याने हाक मारली तरी फोनला उत्तर द्यावं लागतं, आणि फोनचा आवाज होता तेवढाच राहतो. शिवाय उभ्या अँटेनाची लहर आडवी पसरते, डोक्यावर फार कमी जाते. आहे त्या पेटीची एक अँटेना आडवी करून बघा. फुकटचा उपाय आहे, कधीकधी चार-पाच डीबी मिळून जातात.

रिपीटरचं दुखणं वेगळं. तो बहुधा मुलीच्या खोलीतच लावला असेल, कारण नेट तिथे हवं होतं. पण खोलीत उणे ८० येत असेल तर तो ते उणे ८० चं फाटकं नेटच पुढे वाढतो. फोनवर दांड्या भरलेल्या दिसतात, व्हिडिओ मात्र तसाच अडतो. स्वस्त रिपीटर एकाच चॅनलवर ऐकतो आणि त्यावरच बोलतो, म्हणून वेग साधारण निम्मा होतो. मेशचे डबेही (एकमेकांशी बोलून घरभर एकच वाय-फाय पसरवणारे) तारेविना लावले तर त्याच भिंतीला धडकतील.

म्हणून तार. ढाळजेतल्या पेटीपासून मागच्या जिन्याच्या वरच्या टप्प्यापर्यंत एक कॅट-६ केबल टाका आणि तिथे दुसरा राउटर बसवा. अंतर दोरीने मोजा. अशा वाड्यात ३० ते ३५ मीटर भरेल, वरच्या टोकाला ३ मीटर जास्त ठेवा. १०० मीटरपर्यंत या केबलला अडचण नसते.

केबल घेताना दुकानातच एक टोक कापून आतली तार ब्लेडने खरवडा. आतपर्यंत तांबूस दिसली तर तांबं, पांढरी चकाकली तर तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. ते स्वस्त मिळतं, पण दोन-चारदा वाकवलं की तुटतं आणि जोडावर लवकर खराब होतं. उघड्यावरून न्यायची असेल तर काळ्या जाड वेष्टणाची, बाहेरच्या वापराचीच घ्या. घरातली करडी केबल आपल्या उन्हात तडकते.

दगड-मातीच्या भिंतीला हॅमर ड्रिल लावू देऊ नका. चुन्या-सिमेंटची भिंत भोक सहन करते, मातीच्या जोडाईतला दगड मात्र हलतो आणि आतली माती गळायला लागते. खिडकीच्या चौकटीचा कोपरा किंवा तुळईच्या वरची फट शोधा. माळवदावरून नेणार असाल तर केबल मातीत पुरू नका, पावसाळ्याआधी वर माती टाकताना पहिलं खोरं तिच्यावरच बसतं. कठड्याच्या आतल्या बाजूने पीव्हीसी पाइपातून न्या. घरात शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून गळून पडेल, आत येणार नाही. विजेच्या वायरीपासून एक फूट दूर ठेवा, ओलांडायची असेल तर काटकोनात.

केबलच्या टोकाला बसणाऱ्या आरजे-४५ जॅकमधला तारांचा क्रम दोन्ही टोकांना एकच: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. वायरमन घाईत नारिंगी-हिरव्या जोड्याच नीट बसवतात. त्यावर १०० एमबीपीएसपर्यंत चालतं, म्हणून आज काही कळत नाही. उद्या प्लॅन २०० चा केला आणि वेग ९४ वरच अडला की आधी जॅक तपासा, निळी किंवा तपकिरी जोडी सुटलेली सापडेल. टेस्टरवर आठही दिवे लागल्याशिवाय पैसे देऊ नका. दुसरा राउटर घेतानाही पोर्ट गिगाबिट (१००० एमबीपीएसचे) आहेत ना ते खोक्यावर वाचा.

आता जोडणी. नव्या राउटरमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ (केबलने आलेलं नेट फक्त वाय-फायने पुढे देण्याची सोय) असेल तर तो निवडा, काम संपलं. नसेल तर लॅपटॉप फक्त नव्या राउटरला जोडा. ढाळजेतली पेटी १९२.१६८.१.१ वर असेल तर याचा लॅन पत्ता १९२.१६८.१.२ करा, डीएचसीपी (फोन-लॅपटॉपना पत्ते वाटणारी सोय) बंद करा, सेव्ह करा, आणि मगच खालून आलेली केबल याच्या लॅन पोर्टमध्ये घाला. वॅन पोर्टमध्ये (बाहेरच्या नेटसाठी असलेल्या) नाही. डीएचसीपी चालू राहिलं तर घरात पत्ते वाटणारे दोन कारभारी होतात. काही फोनना चुकीचा दरवाजा मिळतो आणि ‘कनेक्टेड, इंटरनेट नाही’ असं येतं. तेही कधी या फोनवर, कधी त्या, त्यामुळे शोधता शोधता दिवस जातो.

नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे अक्षरशः सारखे ठेवा. २.४ चा चॅनल खाली १, वर ११, रुंदी २० मेगाहर्ट्झ. एकमेकांवर न चढणारे चॅनल १, ६ आणि ११ हेच. शेजारी ३ वर आहे म्हणून आपण ४ वर गेलो तर दोघांचंही नुकसान. फोन माडीवर जाऊनही खालच्याच पेटीला चिकटून राहिला तर खालची ट्रान्समिट पॉवर (वाय-फाय फेकण्याची ताकद) मध्यम करा. वाय-फायच्या सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२-एईएस ठेवा, डब्ल्यूपीए३ मिश्र ठेवल्यावर काही जुने टीव्ही आणि कॅमेरे जोडले जात नाहीत. डब्ल्यूपीएस (बटण दाबून पासवर्डशिवाय जोडण्याची सोय) बंद करा. मोबाइल नंबर हा पासवर्ड नव्हे, तो गल्लीतल्या सगळ्यांना पाठ असतो.

लाइटचं बघू. फायबरच्या पेटीच्या ॲडॅप्टरवर बहुधा १२ व्होल्ट असतं, काही राउटर ९ व्होल्टचे असतात. छोटा डीसी यूपीएस घेताना व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत, अँपिअर जास्त चालतात. आत ११.१ व्होल्ट, २२०० एमएएचची बॅटरी म्हणजे सुमारे २४ वॅट-तास. पेटी ८ वॅट खात असेल तर गळती धरून अडीच तास. वरच्या राउटरलाही असाच एक लागेल, नाहीतर लाइट गेल्यावर माडी पुन्हा कोरडी. घरात इन्व्हर्टर असेल आणि लाइट गेल्यावर पेटी रीस्टार्ट होत असेल, तर इन्व्हर्टरच्या मागचं बटण ‘यूपीएस’वर करून बघा. बदलायला लागणारा क्षण त्याने कमी होतो. पेटीवर लाल ‘लॉस’ दिवा लागला तर विजेचा संबंध नाही, फायबर तुटली, दबली किंवा काटकोनात वाकली आहे. ती पिवळी-काळी बारीक दोरी खिळ्याला गुंडाळू नका.

उन्हाळ्याचंही सांगतो. बऱ्याच राउटरच्या लेबलवर चालण्याचं तापमान ४० अंशांपर्यंत दिलेलं असतं आणि आपला मे महिना सावलीतच ते ओलांडतो. पत्र्याखाली, टीव्हीच्या बंद कपाटात किंवा इन्व्हर्टरच्या डोक्यावर ठेवू नका. दुपारी तीनला नेट तुटतं आणि रात्री आपोआप सुधारतं, तेव्हा बहुतेक वेळा उष्माच कारण असतो.

शेतातल्या आखाड्यावर किंवा शेजारच्या वेगळ्या इमारतीत नेट न्यायचं असेल तर तांब्याची केबल हवेतून ओढू नका. वळवाच्या पावसात जवळ वीज पडली की दोन्हीकडचे पोर्ट जळतात. तिथे फायबर आणि दोन मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल जोडून देणारे डबे) लावा. ४०० मीटर दूर आखाड्यासाठी ५ गिगाहर्ट्झच्या समोरासमोरच्या दोन बाह्य अँटेनाही चालतात, मात्र मधोमध लहरीभोवती सव्वादोन मीटर मोकळं हवं. जानेवारीत लावलेली जोडणी ऊस वाढल्यावर ढासळते ती यामुळेच.

राउटर जिन्यात बसला की खोलीचं दार लावून, मुलीच्या टेबलावर फोन ठेवून पुन्हा आकडा घ्या. उणे ६५ च्या आत आला नाही तर राउटर दाराच्या दिशेने सरकवा. वरच्या टोकाला ३ मीटर केबल जास्त ठेवायला सांगितली ती त्यासाठीच.