चेहरा नंतर, आधी त्यांची उभं राहायची ढब

तुम्ही लिहिलंय की आवडत्या गायिकेच्या कारकिर्दीला २५ वर्षं होताहेत म्हणून ६४×६४ पिक्सेलच्या, म्हणजे चौकोनी ठिपक्यांच्या, कॅनव्हासवर त्यांचं पिक्सेल चित्र करताय. फोटो लहान करून त्यावर काम केलं, पण ओळखू कुणालाच येत नाही, कातडी राखाडी दिसते आणि केसांचा नुसता काळा गोळा झालाय. हातात १२ दिवस आहेत आणि रंग वाढवावेत का, हा तुमचा प्रश्न आहे.

रंग वाढवू नका. चित्र मोठं करून पाहिलं तर एकट्या गालावर अकरा छटा सापडल्या, त्यातल्या कितीतरी शेजारी ठेवल्या तरी वेगळ्या ओळखू येत नाहीत. हे फोटो लहान केल्यामुळे होतं. ५१२ चा फोटो ६४ वर आणला की ८×८ च्या प्रत्येक तुकड्यातले ६४ ठिपके एकत्र घोटून त्यांचा एकच रंग बनतो. भुवईचं टोक कपाळात मिसळतं, ओठांची कड हनुवटीत विरते. त्या भुवईवर तुमचा किती जीव आहे, हे प्रोग्रॅमला कुठून कळणार? पिक्सेल चित्रात काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे चाहत्यानंच ठरवायचं असतं. मला तरी सगळी गोडी त्यातच वाटते.

माझाच अनुभव सांगते. एका बुजुर्ग गायकांचं चित्र मी ९६×९६ वर करत होते. आठवडाभर नाक, डोळे, गालावरच्या सुरकुत्या कोरत बसले. त्यांच्या गाण्यावर माझ्याइतकंच प्रेम करणाऱ्या मैत्रिणीला दाखवलं, तर ती म्हणाली, "कोणीतरी आजोबा आहेत." वाईट वाटलं. मग त्यांच्या मैफलींची चित्रणं आवाज बंद करून पुन्हा पाहिली. वरच्या सुराकडे जाताना ते मान डावीकडे कलवत, उजवा खांदा वर येई आणि हात कानापाशी जाऊन थांबे. एवढंच ३२×३२ वर एका रंगात भरलं. डोळे नाहीत, नाक नाही. मैत्रिणीनं क्षणात नाव घेतलं.

म्हणून आत्ताचं चित्र बाजूला ठेवा आणि पहिले दोन दिवस फक्त बघा. आवाज बंद करून. माइक त्या कसा धरतात, वजन कोणत्या पायावर टाकतात, दोन ओळींच्या मधल्या वेळात काय करतात, हे लिहून काढा. मग एकाच गडद रंगात ३२×३२ च्या पाच-सहा छायाकृती करा आणि नाव न सांगता दुसऱ्या एखाद्या चाहत्याला दाखवा. जी लगेच ओळखली जाईल ती तुमची.

चार्ली चॅप्लिन आठवा. लहान टोपी, आखूड मिशी, तंग कोट, ढगळ विजार, मोठे बूट, काठी. त्यांची नुसती सावली पडली तरी माणूस कळतो. आणि १९८१ मध्ये शिगेरू मियामोतो यांनी 'डाँकी काँग' या व्हिडिओ गेमसाठी जो नायक रचला, पुढे मारिओ म्हणून जगभर गेलेला, तो जेमतेम १६ पिक्सेल उंच होता. एवढ्या जागेत तोंड दाखवणं अवघड म्हणून मिशी आली, केस जमेनात म्हणून टोपी आली. तुमच्या गायिकेकडेही अशी एखादी टोपी किंवा मिशी असणारच. बहुतेक ती केसांच्या आकारात किंवा हाताच्या वळणात सापडेल.

आता कातडीचा रंग. इथे मी थोडी हट्टी आहे. सावळ्या कलाकारांना फॅन आर्टमध्ये नकळत दोन छटा उजळ केलेलं मी वारंवार पाहते आणि प्रत्येक वेळी खटकतं. ज्यांचं कौतुक करायचं त्यांचा रंग आहे तसाच यायला हवा. तुमच्याकडे राखाडी दिसतंय त्याचं कारण म्हणजे सावलीसाठी तुम्ही मूळ रंगात काळा मिसळलाय. तसं न करता छटा बदलतानाच रंगाचा कलही बदला: मध्यम छटा तपकिरी असेल तर सावली लालसर-जांभळ्याकडे न्या, उजेड केशरीकडे. कातडीला चार छटा पुरतात, बऱ्याचदा तीनही. रंगमंचावरचा निळा किंवा गुलाबी झोत असेल तर गालाच्या एका कडेला त्या रंगाची एक पिक्सेल जाडीची रेघ द्या. कार्यक्रमाचं सगळं वातावरण त्या एका रेघेत येतं.

संपूर्ण चित्र १२ ते १६ रंगांत बसवा. गेम बॉय या हातात धरायच्या जुन्या खेळयंत्राच्या पडद्यावर अवघ्या चार छटा होत्या आणि त्यातही लोकांनी चेहरे बोलके केले. रंग कमी असले की एकच गडद जांभळा केसांच्या सावलीलाही चालतो आणि कपड्याच्या चुणीलाही, आणि चित्र आपोआप एका सुरात येतं.

केसांना शुद्ध काळा वापरू नका. गडद निळा किंवा गडद तपकिरी घ्या, म्हणजे आत आणखी एक गडद छटा टाकायला जागा राहते. बटा सुट्या काढायच्या नाहीत. आधी एक घट्ट आकार, मग डोक्याच्या गोलाईवरून गेलेला उजेडाचा तुटक पट्टा, आणि कडेला दोन-तीन ठिकाणीच बाहेर आलेली टोकं. एकटे विखुरलेले पिक्सेल धुळीसारखे दिसतात, म्हणून शक्यतो दोन-तीनांच्या गटात ठेवा.

६४ च्या कॅनव्हासवर कमरेपर्यंतची आकृती घेतलीत तर डोकं साधारण २२-२४ पिक्सेल उंच येईल. एका डोळ्याला रुंदीत तीन-चार पिक्सेल मिळतील. तिथे वरची पापणी आणि भुवई महत्त्वाची. भुवई एक पिक्सेल वर सरकली की चेहरा चकित होतो, आतलं टोक खाली आलं की रागावतो. डोळ्याचं पांढरं शुभ्र नको, कातडीकडे झुकणारं फिकट हवं, नाहीतर डोळे बटणांसारखे बाहेर येतात. नाकाची रेघ नको, खाली सावलीचे दोन पिक्सेल बस. गाताना उघडलेलं तोंड म्हणजे एक गडद तुकडा आणि त्यात वरच्या बाजूला फिकट ओळ. दात एकेक काढायला गेलात तर हसरा चेहरा भेसूर होतो. माइक ओठांवर आणू नका, थोडा खाली आणि तिरका धरा, तोंड मोकळं राहू दे.

अधूनमधून झूम १०० टक्क्यांवर आणून बघत जा. आठपट मोठं करून काम करताना जे सुंदर दिसतं ते मूळ आकारात बरेचदा चिखल असतं. वक्र रेषा दातेरी दिसत असेल तर पायऱ्यांची लांबी मोजा: ३, २, १, १, २, ३ अशी क्रमानं बदलली की वळण गुळगुळीत होतं, ३, १, २ झालं की अडखळतं.

साधनांबद्दल फार बोलत नाही. पिस्केल हा पिक्सेल चित्रांचा प्रोग्रॅम ब्राउझरमध्ये फुकट चालतो आणि एवढ्या कामाला पुरतो. ॲसेप्राइट विकत घ्यावं लागतं, लिब्रेस्प्राइट फुकट आहे. चित्र यातल्या कशातही होईल.

हालचाल द्यायची तुमची इच्छा आहे तर चार फ्रेमच्या पुढे जाऊ नका. खांदे एक पिक्सेल वर, एक पिक्सेल खाली, एवढ्यानं श्वास येतो. सगळ्या फ्रेमना सारखा वेळ मात्र देऊ नका. जिथे त्या सूर धरून थांबतात ती फ्रेम अर्धा सेकंद राहू द्या, बाकीच्या दहावा भाग सेकंद. ज्यांनी त्यांना प्रत्यक्ष ऐकलंय त्यांना ती थांबण्याची जागा लगेच कळेल.

शेवटी मोठं करताना पूर्ण पटीतच करा: ६४ चे ५१२ किंवा १०२४, पण १००० नाही, कारण मग काही ठिपके १५ चे आणि काही १६ चे होतात. 'निअरेस्ट नेबर' (मधले नवे रंग न बनवता ठिपका तसाच मोठा करणारा) हा पर्याय निवडा आणि पीएनजीत साठवा. जेपेगमध्ये कडांभोवती घाण साचते आणि तुमचे मोजून ठेवलेले १६ रंग शेकडो होतात.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत तरी सांगते. तो फोटो कुणा छायाचित्रकाराचा आहे. एकच फोटो जसाच्या तसा गिरवण्यापेक्षा पाच-सहा कार्यक्रम पाहून स्वतःची मुद्रा रचा. एखाद्या फोटोचा ठळक आधार घेतलाच तर नाव द्या, आणि सार्वजनिक करण्याआधी विचारा. चित्रावर 'चाहत्याची कलाकृती' असं स्पष्ट लिहा, म्हणजे ते गायिकेकडून आलंय असा समज होणार नाही. त्यांना पाठवायचं तर एकदाच पाठवा, त्यांच्या कामातली तुम्हाला सगळ्यात भावलेली जागा कोणती हे दोन ओळींत लिहून.

१२ दिवस पुरेसे आहेत. छायाकृती तयार झाल्या की रंग न भरता इथे टाका. गायिकेचं नाव तेव्हा सांगू नका, मला ओळखता येतं का ते बघायचंय.