दोन मुलं, एक अट

प्रश्न : मुलीच्या स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात एक गणित आहे. ‘एका कुटुंबात दोन मुलं आहेत. त्यांपैकी निदान एक मुलगा आहे. तर दोन्ही मुलगेच असण्याची संभाव्यता किती?’ उत्तर १/३ दिलंय. एका बाळाचा दुसऱ्यावर काही परिणाम होत नाही, मग १/२ का नाही? आमच्या घरी यावरून वाद पेटलाय.
– एक वाचक, सांगली

उत्तर : पुस्तकातलं उत्तर बरोबर आहे. एका बाळाचा दुसऱ्यावर परिणाम होत नाही, हेही खरं. पण ‘दुसरं मूल’ म्हणायचं तर आधी पहिलं कोणतं ते ठरायला हवं, आणि या गणितात ते ठरलेलंच नाही.

वर्गात मी सूत्राला हात लावण्याआधी घरं मोजायला लावते. दोन-दोन मुलांची ४०० घरं घ्या आणि मुलगा-मुलगी होण्याची शक्यता सारखी धरा. आधी मोठं, मग धाकटं असं लिहिलं तर मुलगा-मुलगा, मुलगा-मुलगी, मुलगी-मुलगा, मुलगी-मुलगी अशी प्रत्येकी सुमारे १०० घरं. इथेच बहुतेक जण घसरतात. ‘एक मुलगा, एक मुलगी’ हा एकच प्रकार धरतात. पण दादा मोठा असलेलं घर वेगळं आणि ताई मोठी असलेलं वेगळं! आता अट लावा. दोन्ही मुलींची १०० घरं बाद, उरली ३००. त्यांत दोन्ही मुलगे १०० घरांत. म्हणून १/३. अटीमुळे नमुना अवकाश, म्हणजे सगळ्या शक्यतांची यादी, लहान होतो आणि मोजणी उरलेल्यातच करायची, सशर्त संभाव्यता ती हीच.

अट ‘मोठं मूल मुलगा आहे’ अशी असती, तर २०० घरं उरली असती आणि उत्तर १/२ आलं असतं. तुमच्या डोक्यात हे गणित होतं.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो पुढचा भाग : माहिती आली कशी? समजा, त्या ४०० घरांपैकी एका घराची बेल वाजवली आणि दोघांपैकी कुणीतरी एकाने, न ठरवता, दार उघडलं. तो मुलगा निघाला. म्हणजे ‘निदान एक मुलगा’ हे कळलंच, तरी उत्तर १/३ नाही! दोन मुलगे असलेल्या १०० च्या १०० घरांत मुलगाच दार उघडणार. मिश्र २०० घरांपैकी मात्र निम्म्यांतच, म्हणजे १०० घरांत. एकूण २००, त्यांत दोन्ही मुलगे १००. उत्तर १/२.

गणिती कोड्यांचे अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनर यांनी १९५९ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातल्या आपल्या सदरात हे कोडं घातलं आणि उत्तर १/३ दिलं. माहिती कशी मिळाली ते सांगितल्याशिवाय प्रश्न अपुरा राहतो, हे पुढे त्यांनीच मान्य केलं. मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो तो यासाठी.

घरातला वाद मिटवायला एक रुपयाचं आणि दोन रुपयांचं नाणं एकदम उडवा. छापा म्हणजे मुलगा. दोन्ही काटे आले तर तो डाव सोडा, बाकीचे वहीत लिहा. शंभरेक डाव झाले की दोन्ही छापे साधारण तिसऱ्या हिश्शाला दिसतील. मग त्याच वहीतले फक्त रुपयाला छापा आलेले डाव मोजा, तिथे प्रमाण निम्म्याच्या आसपास येईल.

परीक्षेत ‘निदान एक मुलगा आहे’ एवढंच दिलं असेल तर मुलीने १/३ लिहावं. मोठा किंवा धाकटा असं नेमकं सांगितलं असेल तर १/२.